जवळ जाण्याची विद्या

साध्या लाकडी धनुष्याने शिकार करणाऱ्या अमेरिकन माणसाला ‘बाण किती अंतरावरून सोडता?’ असं विचारलं, तर बहुतेकांकडून वीस यार्डांच्या आसपासचा आकडा ऐकायला मिळतो. वीस यार्ड म्हणजे साठ फूट. बंदूकवाला ज्या हरणाला दोनशे यार्डांवरून टिपतो, त्याच हरणाच्या इतकं जवळ जायचं की त्याचा हलणारा कान स्पष्ट दिसावा. आणि एवढं करूनही डाव हरणाच्याच बाजूने झुकलेला असतो. अशा धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला सुमारे १८० फूट जातो; साठ फूट कापायला त्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. दोरीचा आवाज सेकंदाला ११०० फुटांहून जास्त वेगाने धावतो. बाण अजून वाटेतच असतो तेव्हा आवाज हरणाच्या कानात पोचलेलाही असतो. बिचकलेलं हरीण उडी घेण्यासाठी आधी पाय दुमडून अंग खाली घेतं आणि बाण त्याच्या पाठीवरून निघून जातो.

यावर उपाय म्हणून लोक दोरीला लोकरीचे किंवा बीव्हरच्या फरचे गोंडे बांधतात, बाण जड घेतात. त्याने आवाज कमी होतो, संपत नाही. खरा उपाय एकच, हरणाला सावध होऊच द्यायचं नाही. मान वर करून, अंग आखडून उभ्या असलेल्या हरणावर बाण सोडू नये, हे नवख्याला पहिल्यांदा सांगितलं जातं. मग वाऱ्याचं सांगतात, पावलांचं सांगतात, बसण्याचं आणि थांबण्याचं सांगतात. नेमबाजीची पाळी सगळ्यात शेवटी येते.

ही विद्या अमेरिकेतल्या गोऱ्या शिकाऱ्यांकडे कुठून आली, याचा माग काढत गेलं की अनेक वाटा फुटतात. त्यांतली सगळ्यात ठळक वाट सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका संग्रहालयाच्या दाराशी जाऊन थांबते. तिथे थोडं रेंगाळायला हवं.

सॅक्सटन पोप हा शल्यचिकित्सक. जन्म १८७५चा, टेक्सासमधला. १९१२ साली तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शस्त्रक्रिया शिकवू लागला. इस्पितळाला लागूनच विद्यापीठाचं मानववंशशास्त्राचं संग्रहालय होतं आणि त्या संग्रहालयात एक माणूस राहत होता. पन्नाशीच्या आसपासचा, याही नावाच्या जमातीचा. महिना २५ डॉलर पगारावर तो तिथली झाडलोट आणि किरकोळ कामं करायचा आणि रविवारी येणाऱ्या लोकांना बाणाची टोकं घडवून दाखवायचा. स्वतःचं नाव त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर त्याला ‘इशी’ म्हणू लागला. त्याच्या बोलीत इशी म्हणजे माणूस.

पोप त्याचा डॉक्टर झाला, मग मित्र, मग शिष्य. पोपला हातचलाखीचे खेळ येत. आपल्या पदवीपेक्षा या खेळांमुळेच इशी आपल्याला वैद्य मानतो, असं पोपने मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. इशीला इस्पितळाचं आकर्षण होतं. तो वॉर्डांतून फिरायचा, आजाऱ्यांच्या खाटेशी थांबून त्यांच्याकडे मायेने पाहायचा. आणि दुपारी कधीतरी हे दोघे धनुष्य घडवायला बसायचे.

पोपने त्या बैठकांची नोंद शस्त्रक्रियेच्या टिपणासारखी बारकाईने केली; १९१८ साली विद्यापीठाने ती ‘याही आर्चरी’ या नावाने छापली. इशीचं धनुष्य डोंगरी जुनिपरच्या लाकडाचं असे. त्याची लांबी ठरवायला फूटपट्टी लागत नसे. हात बाजूला आडवा पसरायचा आणि त्या पंजापासून विरुद्ध बाजूच्या कंबरेपर्यंतचं अंतर घ्यायचं, तेवढं धनुष्य लांब. म्हणजे प्रत्येकाचं धनुष्य त्याच्याच अंगावरून बेतलेलं. धनुष्याच्या पाठीला हरणाच्या कंडरा चिकटवायच्या. त्या आधी चावून चावून मऊ करायच्या, धागे सुटे व्हायला लागले की सामन माशाचं कातडं उकळून केलेल्या सरसात भिजवायच्या आणि लाकडावर बसवायच्या. वाळताना त्या आकसतात आणि लाकडाला बळ देतात. ओढ साधारण ४० ते ४५ पौंडांची, म्हणजे आजच्या मानाने बेताचीच.

बाणासाठी विच हेझलच्या सरळ फांद्या. त्या सोलून, वाळवून, निखाऱ्यांच्या धगीला धरायच्या आणि जिथे बाक असेल तिथे पायाच्या अंगठ्याने दाबून सरळ करायच्या. मग वालुकाश्माच्या दोन तुकड्यांमध्ये घासून गुळगुळीत करायच्या. टोक ऑब्सिडियनचं, म्हणजे ज्वालामुखीतून आलेल्या काळ्या काचेचं. हाताच्या तळव्यावर कातडं घ्यायचं, त्यावर काचेचा तुकडा धरायचा आणि हरणाच्या शिंगाच्या टोकाने दाब देत कडेचे कपचे उडवत जायचं. शहरात आल्यावर इशी बाटल्यांच्या काचेचीही टोकं घडवायचा आणि ती फार देखणी असत. काम करताना काचेचा कण डोळ्यात गेला, तर तो डोळ्याची खालची पापणी ओढून धरायचा आणि दुसऱ्या हाताने डोक्यावर जोरात थापा मारायचा; कण बाहेर पडायचा. शल्यचिकित्सक पोपने हाही उपाय लिहून ठेवला.

धनुष्य कसं ठेवायचं यालाही नियम होते. दोरी उतरवलेलं धनुष्य आडवं निजवायचं. उभं ठेवलं तर ते काम करतच राहतं, घामेजतं आणि दुबळं होतं, असं इशी सांगे. आजही जुन्या वळणाचे धनुर्धर लाकडी धनुष्य कोपऱ्यात उभं करून ठेवत नाहीत. खालच्या टोकावर सतत भार पडून लाकडाला बाक येतो, असं ते कारण देतात. नियम तोच राहिला, कारण सांगण्याची रीत बदलली.

इशी दोरी अंगठ्याने ओढायचा, धनुष्य अंगासमोर तिरपं धरायचा आणि बहुतेक वेळा उकिडवा बसून बाण सोडायचा. गवताच्या गोल लक्ष्यावर उभं राहून नेम मारण्यात पोप लवकरच त्याच्या पुढे गेला. पण सशाएवढं लहान जनावर झुडपात हललं की इशीचा बाण क्वचितच चुकायचा. या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे पोपला तेव्हाच कळलं. मैदानावरच्या कितीतरी उत्तम तिरंदाजांना ते रानात गेल्यावर कळतं.

मराठी वाचकाला इथे एकलव्य आठवणारच. अंगठ्याने दोरी ओढणारा वनवासी आणि शहरातला शिकलेला माणूस अशी जोडी समोर आहे, पण भूमिका उलट्या आहेत. इथे रानातला माणूस गुरू होता.

या गुरूला रान का सोडावं लागलं, ते टाळून पुढे जाता येत नाही. कॅलिफोर्नियात १८४८ साली सोनं सापडलं आणि दुसऱ्या वर्षापासून माणसांचे लोंढे आले. डीअर क्रीक आणि मिल क्रीक या ओढ्यांच्या खोऱ्यांत राहणारे याही त्यांच्या वाटेत आले. गुरं पळवल्याच्या, लुटीच्या आरोपांवरून वस्त्यांवर हल्ले झाले. १८६५ साली थ्री नॉल्स इथे पहाटे झालेल्या हल्ल्यात अनेक माणसं मारली गेली. नंतर किंग्जली गुहेत आणखी. उरलेली मूठभर माणसं चाळीसेक वर्षं लपून राहिली. ‘याही संपले’ असं लोक धरून चालले होते. नोव्हेंबर १९०८ मध्ये वीज कंपनीसाठी मोजणी करणारं एक पथक त्यांच्या वस्तीत शिरलं. तिथे एक आजारी म्हातारी पांघरुणाखाली होती, तिला त्यांनी हात लावला नाही. पण धनुष्यं, बाण, टोपल्या, हत्यारं, पांघरुणं, जे हाती लागलं ते आठवण म्हणून उचलून नेलं. ती म्हातारी इशीची आई होती. तीन वर्षांनी, २९ ऑगस्ट १९११ रोजी, ऑरोव्हिल गावाजवळच्या कत्तलखान्याच्या आवारात उपाशी, एकटा इशी सापडला. दुःखाची खूण म्हणून केस जाळून आखूड केलेले होते. शेरीफने त्याला गर्दीपासून वाचवण्यासाठी तुरुंगात ठेवलं.

त्या चाळीस वर्षांत ही माणसं जगली कशी, याची हकिकत क्रोबरची पत्नी थिओडोरा हिने १९६१ साली पुस्तकात मांडली. वाट तुडवली जाऊ नये म्हणून ती दगडावरून दगडावर पाय टाकत चालत. मातीत पाऊल उमटलंच तर त्यावर सुकी पानं पसरत. चूल लहान, धूर झाडीत विरेल इतकाच. दाट झुडपांखालून रांगत जाण्याच्या वाटा होत्या. मध्ये फांदी आली तर ती कधीच तोडत नसत, कारण घावाचा आवाज दूरवर जातो आणि तो माणसाचाच असतो. फांदी हळूहळू वाकवत किंवा दगडाने झिजवत न्यायची. बंदूक नव्हती आणि असती तरी वाजवता आली नसती.

आज शिकारी एकमेकांना जे शिकवतात ते हेच आहे. आवाज करू नका, वास सोडू नका, खूण ठेवू नका, आकाशरेषेवर उभे राहू नका. हरणाच्या जवळ जाण्यासाठी आपण जे धडे गिरवतो, ते या माणसाने माणसांपासून वाचण्यासाठी आयुष्यभर गिरवले. पोपच्या पिढीचे शिकारी ज्यांचे वारस होते, त्यांनीच त्याच्या लोकांची शिकार केली होती. मला ही या सगळ्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते आणि धनुष्याच्या शिकारीचं कौतुक करताना ती सगळ्यात आधी गाळली जाते.

मे १९१४ मध्ये क्रोबर, त्याचा सहकारी वॉटरमन, पोप आणि पोपचा लहान मुलगा इशीला घेऊन डीअर क्रीकला गेले. इशीला जायचं नव्हतं. त्या खोऱ्यात त्याची मेलेली माणसं होती. पण एकदा गेल्यावर तो रमला. ओढ्यात पोहला, दोरावरून कडा उतरून दाखवला, झाडं-झुडपांची आणि जागांची नावं सांगितली. आणि शिकार कशी करायची ते पोपला जागेवर दाखवलं.

शिकारीच्या आधी तो तंबाखू सोडायचा, आदल्या दिवशी मासे खायचा नाही, सकाळी अंघोळ करायचा, तोंड धुवायचा, अंगाला वासाचा पाला चोळायचा आणि उपाशीपोटी निघायचा. ससा बोलवायची त्याची रीत अशी: बोटं ओठांना लावून चोखल्यासारखा बारीक केविलवाणा आवाज काढायचा, जाळ्यात अडकलेल्या सशासारखा. ससा तर येतोच, त्या आवाजावर रानमांजरही येतं. पुरेसं जवळ आलं की बाण. हरणासाठी तो कधी हरणाचं भुसा भरलेलं डोकं आपल्या डोक्यावर बांधायचा आणि झुडपाआडून ते थोडं थोडं वर-खाली करायचा. हरीण कुतूहलाने पाहायला यायचं. भित्र्या जनावरालाही कुतूहल आवरत नाही, ही गोष्ट त्याने नीट ओळखली होती. एरवी मात्र वाटेकडेला आडोसा पकडून तासन्‌तास बसायचं. रानात तो घाई करत नसे, मोठ्याने बोलत नसे आणि पोपच्या पायाखाली काटकी मोडली की त्याची नाराजी चेहऱ्यावर दिसत असे.

पुढे इशीला क्षय झाला आणि त्याच्याशी लढण्याचं बळ त्याच्याकडे नव्हतं. २५ मार्च १९१६ रोजी तो त्याच इस्पितळात वारला. क्रोबर तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होता. शवविच्छेदन करू नका, विज्ञानाच्या नावाखालीही नको, असं त्याने कळकळीने लिहून कळवलं होतं. शवविच्छेदन झालंच आणि मेंदू काढून ठेवला गेला. पुढे तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे गेला. त्यात क्रोबरचाही हात होता. बाकी देहाचं दहन झालं. सोबत त्याचं धनुष्य, पाच बाण, ओकच्या फळांच्या पिठाची टोपली, शिंपल्यांच्या मण्यांचे पैसे, थोडा तंबाखू आणि ऑब्सिडियनचे कपचे ठेवले होते. एकलव्याच्या कथेत गुरूने शिष्याचा अंगठा मागून घेतला. इथे शिष्याच्या संस्थेने गुरूचा देह न मागताच घेतला, आणि त्याच्या तपासणीचा अहवाल १९२० साली पोपच्याच नावाने प्रसिद्ध झाला. पोपचं इशीवर प्रेम होतं यात मला शंका नाही. तरी हे झालं. तो मेंदू परत मिळवायला २००० साल उजाडलं. रेडिंग रँचेरिया आणि पिट रिव्हर इथल्या आदिवासींनी तो ताब्यात घेऊन अस्थींसोबत विधिपूर्वक निरोप दिला.

‘शेवटचा रानटी इंडियन’ म्हणून वर्तमानपत्रांनी इशीला मिरवलं. बर्कलीचे पुरातत्त्वज्ञ स्टीव्हन शॅकली यांनी १९९०च्या दशकात त्याची बाणाची टोकं तपासली, तेव्हा ती याहींच्या जुन्या टोकांपेक्षा शेजारच्या नोमलाकी आणि विंटू लोकांच्या टोकांशी अधिक जुळली. म्हणजे घडवण्याची पद्धत त्याला त्या लोकांच्या कुणा नातलगाने शिकवली असण्याचा संभव आहे. तो कुणा शुद्ध, एकाकी परंपरेचा अवशेष नव्हता. त्यालाही कुणीतरी शेजारी बसवून शिकवलं होतं.

पोपने पुढे आर्थर यंग आणि विल कॉम्प्टन या सोबत्यांबरोबर शिकारी केल्या. कॉम्प्टन लहानपणी सू आदिवासींकडून धनुष्य शिकलेला. धनुष्य मात्र पोपने इंग्लिश धाटणीचं निवडलं, यू वृक्षाच्या लाकडाचं लांब धनुष्य, आणि बाणाला पोलादी फाळ. इशीकडून त्याने हत्यार घेतलं नाही, जवळ जाण्याची रीत घेतली. १९२३ साली त्याचं ‘हंटिंग विथ द बो अँड ॲरो’ आलं आणि अमेरिकेतल्या परसांत लोक धनुष्यं घडवू लागले. १९२० साली पोप आणि यंग यांनी कॅलिफोर्नियाच्या विज्ञान अकादमीसाठी यलोस्टोनमध्ये ग्रिझली अस्वलं बाणांनी मारली. धनुष्य किती समर्थ आहे ते दाखवायचं होतं. मला ती शिकार पोपला मिळालेल्या शिकवणीशी विसंगत वाटते. सिद्ध करण्यासाठी मारणं इशीच्या रीतीत बसलं नसतं.

पोप १९२६ साली वारला. यंगने अलास्कात केलेल्या शिकारींवर चित्रपट निघाला. तो घेऊन यंग गावोगाव फिरत होता, तेव्हा १९२७ साली डेट्रॉइटमध्ये फ्रेड बेअर नावाच्या तरुण कारागिराने तो पाहिला. बेअर मोटार उद्योगात नमुने घडवण्याचं काम करायचा. त्याने यंगकडून धनुष्य घडवण्याचे धडे घेतले आणि पुढे मिशिगनमधल्या ग्रेलिंगला कारखाना काढून लाखो लोकांच्या हाती धनुष्य दिलं. विस्कॉन्सिनने १९३४ साली हरणांसाठी केवळ धनुष्याचा शिकारमोसम जाहीर केला. निसर्गरक्षणाचा विचार घडवणारा आल्डो लिओपोल्ड त्याच राज्यात आपल्या हाताने धनुष्यं घडवत होता आणि त्याची पत्नी एस्टेला राज्याची धनुर्विद्येतली विजेती होती.

मग कप्प्या आल्या. मिसुरीच्या होलेस ॲलनने १९६६ साली कंपाउंड धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ साली ते मिळालं. दोरी पूर्ण ओढली की कप्प्यांमुळे हातावरचा भार निम्म्याहून कमी होतो. माणूस शांतपणे धनुष्यावर बसवलेल्या खुणेतून नेम धरू शकतो. बाण सेकंदाला ३०० फुटांपर्यंत जातो आणि विसाचे चाळीस यार्ड होतात. आज अमेरिकेतले बहुसंख्य धनुर्धर हेच वापरतात. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याचा हात स्थिर राहत नाही त्याच्या हाती ते जनावराच्या दृष्टीने अधिक दयाळूही आहे. पण ज्यांनी कप्प्या नाकारल्या, त्यांनी वीस यार्डांची मर्यादा जाणूनबुजून पत्करली. उन्हाळ्यात त्यांचे मेळावे भरतात. झाडीत ठेवलेल्या रबरी जनावरांवर दिवसभर बाण मारायचे, कुणी लाकूड तासत बसलेला असतो त्याच्याशेजारी बसून बघायचं आणि रात्री शेकोटीपाशी चुकलेल्या बाणांच्या गोष्टी सांगायच्या. लागलेल्या बाणापेक्षा चुकलेल्याची गोष्ट जास्त वेळ चालते, कारण शिकण्यासारखं तिच्यात असतं.

त्या गोष्टींत सगळ्यात जास्त वेळा येतो तो वारा. हरणाच्या डोळ्याला फसवता येतं, कानाला समजावता येतं, नाकाला नाही. शांत उभा राहिलेला माणूस हरणाला झाडाच्या बुंध्याइतका निरुपद्रवी वाटू शकतो. पण वासाची एक झुळूक गेली की ते शेपटीची पांढरी बाजू उभारून पळतं आणि त्या जागेवर कित्येक दिवस फिरकत नाही. म्हणून हे लोक खिशात मिल्कवीड या रुईच्या कुळातल्या झाडाच्या शेंगेतला कापूस ठेवतात. एक तंतू सोडायचा आणि तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्यामागे नजर न्यायची. पावडर उडवली तर हातभर अंतरातला वारा कळतो, तंतू मात्र तीस-चाळीस पावलांवर वारा कुठे वळतो तेही दाखवतो. डोंगराळ मुलखात सकाळी ऊन तापलं की हवा उतारावरून वर चढते, संध्याकाळी गारवा आला की खाली घरंगळते. म्हणून सकाळी हरणांच्या वाटेच्या वरच्या अंगाला बसायचं आणि ऊन कलल्यावर खालच्या. ऊन-सावलीच्या सीमेवर मात्र हवा दोन्हीकडे फिरते, तिथे बसूच नये, असं अनुभवी माणूस बजावतो.

चालणं हा दुसरा धडा. दोन-तीन पावलं टाकायची आणि चालण्याला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ थांबायचं. पाऊल टाकताना बाहेरची कड आधी टेकवायची, खाली काटकी जाणवली तर पाय उचलून दुसरीकडे, मगच भार द्यायचा. माणसाची चाल एका तालात पडते आणि रानात तसा ताल दुसऱ्या कुणाचा नसतो. म्हणून ताल मोडायचा. पाऊस पडून गेल्यावर किंवा वारा झाडांना हलवत असताना चालायचं, रान कोरडं आणि स्तब्ध असेल तर बसून राहायचं. आणि हरीण शोधायचं नाही, हरणाचा तुकडा शोधायचा. उभ्या खोडांच्या रानात पाठीची एक आडवी रेघ, कानाची एक फडफड, नाकाचा ओला काळा ठिपका. सबंध हरीण दिसलं तर बहुधा त्यानेही तुम्हाला पाहिलेलं असतं.

बसायचं कुठे, हे रान वाचून ठरतं. पांढऱ्या ओकची फळं कुठे पडायला लागली आहेत, हरणं दिवसा कुठल्या झाडीत विसावतात, नराने शिंगं घासून कुठल्या रोपट्याची साल काढली आहे, दोन टेकड्यांमधली खिंड कुठे अरुंद होते. ही वाचनाची सवय आपल्याला परकी नाही. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातल्या नोकरीत, नवेगावच्या आणि विदर्भातल्या इतर जंगलांत, रानात राहणाऱ्या माणसांकडून असंच वाचन शिकून मराठीत आणलं. फासे लावणाऱ्या पारध्यांना तितर कुठल्या वाटेने येणार हे कळायचं. पण इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यांत पारधीही आले. याहींचं आणि त्यांचं दुःख सारखं नाही, तरी एक गोष्ट जुळते. त्यांचं ज्ञान सगळ्यांना हवं होतं, ती माणसं नको होती.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबवली आणि आपल्या जंगलांची अवस्था पाहता ते योग्यच झालं. त्याच १९७२ साली अमेरिकेत वेगळा कायदा झाला. बंदुका आणि काडतुसांवरचा जो कर १९३७पासून वन्यजीवांच्या व्यवस्थापनासाठी जात होता, तो धनुष्य-बाणांवरही लागू झाला, ११ टक्के. तिथे पांढऱ्या शेपटीची हरणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विरळ झाली होती, आता ती इतकी वाढली आहेत की अनेक ठिकाणी जंगलातली रोपटी वाढू देत नाहीत. लांडगे आणि प्यूमा बहुतेक मुलखांतून माणसाने हटवले. त्यामुळे तिथल्या शिकारीचा प्रश्न आपल्या मोजपट्टीने मोजता येत नाही.

पण एक प्रश्न कुठेही तोच राहतो, जखमेचा. बंदुकीची गोळी आघाताने मारते. बाण कापून मारतो. रक्तस्रावाने जनावर पडतं, म्हणून फाळ वस्तऱ्याइतका धारदार हवा आणि तो फुप्फुसांतून गेला पाहिजे. त्यासाठी हरीण आडवं उभं असावं किंवा किंचित पाठमोरं. समोरून तोंड करून उभं असेल तर सोडून द्यायचं, कितीही जवळ असलं तरी. सबंध हरणावर नेम धरायचा नाही. खांद्यामागच्या एका केसावर, एका वळीवर नजर खिळवायची. लाकडी धनुष्याला नेमाची खूण नसते, हात नजरेच्या मागे जातो, म्हणून नजर पसरली की बाण पसरतो.

बाण लागल्यावर पहिली आज्ञा म्हणजे हलू नका. हरीण शेवटचं कुठे दिसलं ती जागा कुठल्या झाडाजवळ होती हे मनात पक्कं करायचं आणि बसून राहायचं. मग बाण शोधायचा आणि रक्त वाचायचं. गुलाबी, फेसाळ, बुडबुड्यांचं रक्त फुप्फुसांचं असतं; अर्ध्या तासाने माग काढा, हरीण फार लांब गेलेलं नसेल. गडद लाल असेल तर यकृताचं, चार-पाच तास थांबा. बाणावर हिरवट घाण आणि आंबूस वास असेल तर बाण पोटात गेला आहे, आठ-दहा तास, प्रसंगी रात्रभर थांबा. लगेच मागे लागलात तर दुखावलेलं हरीण उठून मैलभर जाईल आणि मरेल तेव्हा तुम्ही तिथे नसाल. थांबलात तर ते जवळच्या झाडीत बसून तिथेच प्राण सोडेल. हे थांबणं शिकारीतलं सगळ्यात कठीण काम आहे, असं मुरलेले शिकारी सांगतात. माग काढताना रक्ताच्या वाटेवरून नाही, तिच्या कडेने चालायचं. प्रत्येक थेंबाजवळ पातळ कागदाचा तुकडा ठेवायचा, मागे वळून त्या तुकड्यांची ओळ पाहिली की जनावराची दिशा कळते. थेंब संपले तर गुडघ्यावर बसायचं, पानांची खालची बाजू बघायची, उलटलेलं पान, दुमडलेलं गवत, खुराने सरकलेला खडा शोधायचा. पाणवठ्याकडे बघायचं, कारण पोटात लागलेलं जनावर पाण्याकडे जातं.

आणि तरीही कधीतरी हरीण सापडत नाही. जुन्या वळणाच्या धनुर्धरांपैकी अनेकजण असं जनावर आपल्या मोसमाच्या परवान्यात धरतात. कायद्याची तशी सक्ती बहुतेक ठिकाणी नाही, परवान्याचा कागद कोराच असतो आणि कुणी विचारणारही नसतं. ते त्या वर्षी पुन्हा हरणावर बाण सोडत नाहीत. पुढचे दोन-तीन दिवस रानात जातात ते माग शोधायला, आणि सोबत एखाद्या नवख्याला घेतात, कारण गुडघ्यावर बसून पान उलटून बघायला त्याला दुसरीकडे कुठे शिकता येणार नसतं.